नगरसेवकच नसलेली चार वर्षं, आणि 2031 ची धास्ती

आज एक साधा प्रश्न विचारून सुरुवात करतो. 15 जानेवारी 2026 ला आपल्या राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं. तुमच्यापैकी कितीजणांनी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी मत दिलं?

मला वाटतं, बऱ्याच जणांनी. कारण हिशेब बघा. पुणे, मुंबई, नाशिक, नागपूर इथली आधीची निवडणूक झाली होती 21 फेब्रुवारी 2017 ला. तेव्हा जो सतरा वर्षांचा होता, तो आता सव्वीसच्या घरात आलाय. त्याने मधल्या काळात दोनदा खासदार निवडला, दोनदा आमदार निवडला. पण ज्याच्याकडे पाणी, कचरा आणि गटाराची तक्रार न्यायची, तो माणूस एकदाही निवडला नाही. कोल्हापूर, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, छत्रपती संभाजीनगर इथं तर आधीची निवडणूक 2015 ची. म्हणजे दहा वर्षांहून जास्त.

आता तुम्ही म्हणाल, झाली ना निवडणूक एकदाची, मग जुनं कशाला उगाळतोस? सांगतो. हे जसं घडलं, तसंच ते पाच वर्षांनी पुन्हा घडू शकतं. म्हणून ते नीट समजून घेऊया.

आधी संविधान काय म्हणतं ते बघू. 74 वी घटनादुरुस्ती, 1993 पासून लागू. त्यातलं कलम 243 यू. महापालिकेची मुदत पहिल्या सभेपासून पाच वर्षं, आणि त्याहून जास्त नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक पूर्ण व्हायला हवी. महापालिका बरखास्त झाली, तर सहा महिन्यांत. बस्स. 2006 मध्ये अहमदाबाद महापालिकेच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की, प्रभागरचनेचं काम चालू आहे वगैरे कारणं देऊन ही मुदत ओलांडता येणार नाही.

इतकं स्पष्ट असूनही पुणे आणि मुंबई मार्च 2022 पासून प्रशासकाच्या हातात गेली. कशी?

पहिला धागा ओबीसी आरक्षणाचा. मार्च 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की, स्थानिक संस्थांत ओबीसी आरक्षण द्यायचं तर तीन अटी पाळा: स्वतंत्र आयोग नेमा, प्रत्येक संस्थेपुरतं आरक्षणाचं प्रमाण ठरवा, आणि सगळं आरक्षण मिळून 50 टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. राज्याकडे तशी आकडेवारी तयार नव्हती. आणि ओबीसींना वगळून निवडणूक घ्यायला कुठलाच पक्ष तयार नव्हता. हा प्रश्न खरा होता, खोटं कारण नव्हतं. माजी मुख्य सचिव जयंतकुमार बांठिया यांच्या आयोगाचा अहवाल जुलै 2022 मध्ये कोर्टात गेला आणि आरक्षणाचा मार्ग मोकळा झाला. मग निवडणूक लगेच व्हायला हवी होती ना? नाही झाली.

कारण दुसरा धागा, प्रभागांचा. आणि इथे मला तुमचं खास लक्ष हवंय, कारण बातमीत 'प्रभागरचना' हा शब्द आला की आपण सगळे अंगठा वर सरकवतो. मीसुद्धा समजू शकतो, विषय रुक्ष आहे. पण सगळी गंमत तिथेच आहे.

मविआ सरकारने 2021 च्या शेवटी मुंबईचे 227 प्रभाग वाढवून 236 केले. मार्च 2022 मध्ये विधिमंडळाने कायदा बदलून प्रभाग आखायचे अधिकार राज्य निवडणूक आयोगाकडून सरकारकडे घेतले, आणि त्याला विरोधी बाकांनीही साथ दिली. त्याच उन्हाळ्यात सरकार बदललं. ऑगस्ट 2022 मध्ये शिंदे-फडणवीस सरकारने 236 चे पुन्हा 227 केले. झालेली आखणी, काढलेल्या सोडती, सगळं पाण्यात. लोक कोर्टात गेले, कोर्टाने 'जैसे थे' आदेश दिला, आणि तो 'जैसे थे' जवळजवळ तीन वर्षं चालला. तारखेवर तारीख. शेवटी 6 मे 2025 ला कोर्टाने बजावलं की, चार आठवड्यांत अधिसूचना काढा, चार महिन्यांत निवडणुका घ्या. तेही जमलं नाही. सप्टेंबरमध्ये 31 जानेवारी 2026 ही शेवटची मुदत मिळाली, आणि त्या मुदतीच्या सोळा दिवस आधी आपण मतदान केलं.

बघा, यात कुणीही उभं राहून 'आम्ही निवडणूक रद्द करतोय' असं म्हटलं नाही. तसं म्हटलं असतं तर लोक रस्त्यावर आले असते. फक्त प्रभागांची संख्या बदलली, एकदा या सरकारने, एकदा त्या सरकारने. बाकीचं काम वेळेने केलं.

पुण्याचं उदाहरण तर अजून मजेशीर. 2002 मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग. 2007 मध्ये एकाचा. 2012 मध्ये दोघांचा. 2017 मध्ये चौघांचा. 2022 साठी कागदावर तिघांचा, 58 प्रभाग आणि 173 जागा. प्रत्यक्षात 2026 मध्ये पुन्हा चौघांचा, 41 प्रभाग आणि 165 जागा. 2002 ते 2017 या काळात लागोपाठच्या दोन निवडणुका एकाच पद्धतीने झाल्याच नाहीत म्हणा ना! आपला नगरसेवक नेमका कोण, हे पुणेकराला पाठ होईस्तोवर नियम बदललेला असतो.

बरं, प्रशासक असल्याने बिघडलं काय? अनेकजण मला म्हणतात, "उलट बरंच होतं की, भांडणं नाहीत, कामं पटापट." मी हे मत खोडून काढणार नाही. काही आयुक्तांनी मनापासून काम केलंय. पण व्यवस्था कशी असते ते बघा. एरवी आयुक्त प्रस्ताव मांडतो, स्थायी समिती त्याला प्रश्न विचारते, मुख्य सभा मंजूर करते किंवा परत पाठवते. प्रशासकाच्या काळात प्रस्ताव मांडणारा तोच, मंजूर करणाराही तोच. पुण्याचं 2025-26 चं अंदाजपत्रक होतं 12,618 कोटी रुपयांचं. मुंबईचं 74 हजार कोटींच्या वर. एवढ्या पैशावर सभागृहात उभं राहून 'आमच्या भागाचं काय?' असं विचारणारा एकही निवडून आलेला माणूस नव्हता.

आणि याची सगळ्यात जास्त झळ कुणाला बसली, तर शहराच्या कडेला राहणाऱ्यांना. जून 2021 च्या शेवटी पुणे महापालिकेत 23 गावं आली: वाघोली, नऱ्हे, सूस, खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी वगैरे. गावं आली, ग्रामपंचायती गेल्या. म्हणजे सरपंच गेला. आणि नऊ महिन्यांत महापालिकेचीही मुदत संपली. विकास आराखड्याचं काम पीएमआरडीएकडे, पाणी आणि कचरा महापालिकेकडे. तक्रार करायला जायचं तर कुणाच्या दारात? साडेचार वर्षं या गावांना ना सरपंच होता, ना हक्काचा नगरसेवक.

जानेवारी 2025 मध्ये याच पट्ट्यात जीबीएसचा उद्रेक झाला, आठवतंय? किरकटवाडी, नांदोशी, नांदेड, धायरी. पुणे परिसरात संशयितांसह रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. संशय गेला पिण्याच्या पाण्यावर. या भागाला विहिरीचं पाणी पुरवलं जात होतं, त्यात क्लोरीन टाकायचे, पण त्यावर शुद्धीकरण प्रकल्पातली पूर्ण प्रक्रिया होत नव्हती. नगरसेवक असता तर हे टळलं असतं, असा दावा मी करणार नाही, तो प्रामाणिकपणा होणार नाही. पण 'आमच्या विहिरीच्या पाण्यावर प्रक्रिया का होत नाही?' हा प्रश्न मुख्य सभेत विचारायचा अधिकार ज्याला असतो, ती खुर्ची रिकामी होती. एवढं मात्र खरं.

आता पुढचं. आत्ताची प्रभागरचना 2011 च्या जनगणनेवर झालीय. नवी जनगणना 2027 मध्ये होतेय. तिचे आकडे आले की प्रभाग पुन्हा आखावे लागणार, आणि ते योग्यच आहे. पण या महापालिकांची मुदत संपणार 2031 च्या सुरुवातीला. म्हणजे नवे आकडे, नवी संख्या, नवे वाद, नवी कोर्टकचेरी, असा सगळा मालमसाला ऐन वेळी तयार असणार. 2030 च्या दिवाळीत 'प्रभागांची संख्या वाढवण्याचा सरकारचा निर्णय' अशी छोटी बातमी फोनवर आली, तर ती सरकवू नका. हरकती-सूचनांची मुदत असते, तेव्हा हरकत नोंदवा. अर्ज करायला वकील लागत नाही.

आणि तोवर काय? एक, आपल्या प्रभागातले चारही नगरसेवक माहीत करून घ्या. अ, ब, क, ड हे फक्त आरक्षणासाठी आहेत, कामं वाटून घेण्यासाठी नाहीत. 'ते माझ्याकडे येत नाही' असं कुणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. दोन, त्यांना विचारा की तुम्ही सभागृहात आमच्या भागाबद्दल कोणता प्रश्न विचारलात? वाढदिवसाचे फ्लेक्स मोजू नका, प्रश्न मोजा. तीन, क्षेत्रसभेबद्दल विचारा. गावात जशी ग्रामसभा, तशी शहरात क्षेत्रसभा. महाराष्ट्राच्या कायद्यात ही तरतूद 2009 पासून आहे, पण ती कागदावरच राहिली. ती भरवा म्हणून मागे लागा. आणि चार, तुमचं वय 21 पूर्ण असेल, तर पुढच्या वेळी मत मागायलाही उभं राहता येतं, हे लक्षात असू द्या.

पाणी कधी येतं हे आपल्याला ठाऊक असतं. आपल्या महापालिकेची मुदत कधी संपते, ही तारीखही तशीच पाठ हवी. फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकून ठेवा, 2030 ची एक आठवण लावा. मी माझ्या फोनमध्ये लावलीय.

तुमच्या प्रभागात निवडणुकीनंतर काय बदललं, काय नाही, ते मला आवाजी संदेश पाठवून नक्की सांगा. निवडक संदेश पुढच्या भागात ऐकवीन. हा भाग पहिल्यांदा मत दिलेल्या एका तरी मित्राला पाठवा. भेटूया पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!