प्रेमाला आडनाव हवं

साताऱ्याहून, सांगलीहून, मधल्या सगळ्या गावांहून कऱ्हाडला आलेल्या वाचकहो,

अध्यक्षाने आधी आभार मानावेत, मग आपण या पदाला कसे लायक नाही ते सांगावं आणि शेवटी तरुणांच्या वाचनाची चिंता करावी, असा रिवाज आहे. आभार मानते. बाकीचं माझ्याच्याने व्हायचं नाही. सकाळच्या परिसंवादात एका ज्येष्ठ वक्त्यांनी सांगितलं की हल्लीची पोरं दोनच तऱ्हेची पुस्तकं वाचतात, एक रडक्या प्रेमाची आणि दुसरी जग बुडाल्याची, आणि दोन्ही म्हणजे परदेशी चैन. टाळ्या पडल्या. वाजवणाऱ्यांत ग्रंथालयांचे पदाधिकारी सगळ्यांत पुढे होते. तेव्हाच लिहून आणलेलं भाषण मी पिशवीत परत ठेवलं.

प्रेमकथेला नाक मुरडणारे आपण कोण? वि. स. खांडेकर १८९८ साली सांगलीत जन्मले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या प्रश्नावर ते आणि ना. सी. फडके वर्षानुवर्षं भांडले. पण दोघांच्या कादंबऱ्या लोकांनी रात्र रात्र जागून वाचल्या त्या प्रेमासाठी. किर्लोस्करवाडीत एकीकडे नांगर तयार होत होते आणि तिथूनच १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघालं, १९३० साली ‘स्त्री’. लग्न, घटस्फोट, बाईची हौस, बाईचा पगार, सगळ्यावर त्यांतून लिहिलं गेलं. विभावरी शिरूरकरांची ‘हिंदोळ्यावर’ १९३४ सालची. लग्नाबाहेर पुरुषासोबत राहू पाहणारी बाई त्या काळात लिहायची म्हणजे छातीच हवी होती. या सगळ्यावर पोसलेल्या आपण आज प्रेमाच्या कादंबरीला हलकं म्हणायचं, म्हणजे खाल्ल्या घरचे वासे मोजणं झालं.

माझी तक्रार निराळी आहे. मराठी प्रेमकथा भित्री आहे. तिच्यातल्या नायकाला डोळे असतात, केस असतात, मोटारसायकल असते; आडनाव नसतं. असलंच तर असं निवडलेलं, की त्यावरून काही कळू नये. नायिकेचं गाव म्हणजे ‘एक छोटंसं शहर’. आता मला सांगा, आपल्या दोन जिल्ह्यांत आडनाव न विचारता कुणी कुणाला पाण्याचा तांब्या तरी पुढे केला आहे का? प्रेमात पडलेल्या पोरांना पहिला घाम फुटतो तो आडनावापाशी, आणि तेवढंच आपले लेखक गाळतात. मग विरहासाठी त्यांना मोटार अपघात घडवावे लागतात, स्मृती घालवावी लागते. अहो, जात असताना अपघात कशाला हवा?

वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी हे गाळलं नाही. त्यांच्या ‘आवडी’त जातीबाहेरचं प्रेम आहे आणि घराण्याच्या इभ्रतीसाठी सांडलेलं रक्तही आहे. त्यावर १९६९ साली ‘टिळा लाविते मी रक्ताचा’ हा चित्रपट निघाला. अण्णा भाऊंची जयंती आपण १ ऑगस्टला डॉल्बी लावून साजरी करतो. ‘आवडी’ तुमच्या किती ग्रंथालयांत आहे, ते जरा कपाट उघडून बघा.

कॉलीन हूवरबद्दल बोलते, कारण सकाळी तिचंच नाव घेऊन हसलात. तिची ‘इट एंड्स विथ अस’ मी वाचली आहे. भाषा पातळ, योगायोग ढिगाने, नायक डॉक्टर आणि वर देखणा. समीक्षकाला हवं ते सगळं माप तिच्या पदरात घाला. पण तो देखणा नायक बायकोवर हात उचलतो, आणि पोटी मूल असताना ती त्याला सोडते. त्याचं तिच्यावर प्रेम आहे, हे मान्य करून सोडते. आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांत नायकाची थोबाडीत खाल्ल्यावर नायिकेला प्रेमाचा साक्षात्कार व्हायचा. तो आम्ही पोरीबाळींनी ओढून ओढून वाचला आहे आणि तेव्हा कुणी चिंता व्यक्त केली नव्हती. चंद्रकांत काकोडकरांच्या ‘श्यामा’ला अश्लील ठरवून मात्र सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेलं. १९६९ साली तिथे ते सुटले.

आता जग बुडाल्याच्या कादंबऱ्या. डिस्टोपिया म्हणतात त्यांना, त्या शब्दावर मी वेळ घालवत नाही. प्रयाग अकबर यांची ‘लैला’ २०१७ ची. शहरात जातीपातीच्या भिंती उभ्या राहिल्या आहेत, पाण्याची मारामार आहे, आणि परधर्मीयाशी लग्न केलेल्या बाईची मुलगी हिरावून नेली आहे. कादंबरीचा दोष मला दिसतो: नायिकेला भिंत दिसते ती स्वतः भिंतीपलीकडे फेकली गेल्यावर. तोवर तिच्या घरची मोलकरीण कुठल्या बाजूला राहत होती, ते तिला सुचलं नव्हतं. तरी पुस्तक खरं आहे, कारण त्यात प्रेम हाच गुन्हा आहे.

परदेशी चैन म्हणता? मग आपल्याकडचे कागद वाचा. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं, तर दोघांची नावं-पत्ते तीस दिवस कचेरीत लावतात, हरकत असेल त्याने यावं म्हणून. हरकतवाले कायद्याच्या वाटेने येत नाहीत, जीप घेऊन येतात. १३ डिसेंबर २०२२ ला आपल्या राज्य सरकारने आंतरजातीय आणि आंतरधर्मीय लग्नांची माहिती गोळा करायला समिती नेमली. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत ‘आंतरजातीय’ तेवढं वगळलं. हे एखाद्या कादंबरीत घातलं असतं, तर सकाळचे वक्ते म्हणाले असते, लेखकाने ताणलंय.

मार्गारेट ॲटवुडच्या ‘द हँडमेड्स टेल’मध्ये बायका म्हणजे सरकारी गर्भाशयं आहेत. नायिकेचं नाव काढून घेतलेलं आहे. ती कुणा फ्रेडची, म्हणून ऑफ्रेड. जगात कुठे ना कुठे घडून गेलेलं नाही असं आपण त्यात काही घातलेलं नाही, असं ॲटवुड सांगतात. त्यांना साताऱ्याला आणायला हवं होतं. या जिल्ह्यातल्या पोरींचं नाव ‘नकुशी’ होतं. शाळेच्या हजेरीपटावर, रेशन कार्डावर, सगळीकडे. ऑक्टोबर २०११ मध्ये समारंभ करून दोनशेहून अधिक मुलींना नवी नावं दिली. ऑफ्रेडला नाव परत मिळण्यासाठी एक राजवट पडावी लागते; आपल्याकडे मंडप घातला, प्रमाणपत्रं वाटली, चहा झाला. मी समारंभाला नावं ठेवत नाही. मी विचारते आहे, ती कादंबरी कुठे आहे? नाव बदलून घरी गेलेल्या मुलीला त्या रात्री आजीने कुठल्या नावाने जेवायला बोलावलं? ही एवढी एक रात्र लिहिणारा लेखक साताऱ्यात निघू नये?

आणि सांगलीकरांनी मान हलवू नये. म्हैसाळ तुमच्या मिरज तालुक्यातलं. मार्च २०१७ मध्ये, गर्भपातात गेलेल्या एका तरुण बाईच्या मृत्यूचा तपास करताना पोलिसांना तिथे पुरलेले १९ भ्रूण सापडले, प्लास्टिकच्या पिशव्यांत. त्याआधीच्या वर्षी एप्रिलात मिरज स्टेशनातून लातूरला पाण्याची आगगाडी निघाली होती. लातुरात टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. पाण्यापाशी माणसं जमू नयेत म्हणून १४४ कलम! आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये त्याच सांगलीच्या पेठेत होड्या फिरल्या. एका जिल्ह्याच्या साडेतीन वर्षांत एवढं. परदेशी लेखकाला याचे तीन खंड करावे लागले असते.

टाळ्या नकोत, कारण आता तरुणांकडे वळते आहे. ‘हंगर गेम्स’ तुम्ही पाठ केली आहे. त्याच मालिकेतली, २०२५ मध्ये आलेली ‘सनराइज ऑन द रीपिंग’ मलाही आवडली. पडद्यावर दाखवतात ते कापून-जोडून कसं दाखवतात, हे सुझान कॉलिन्सने चांगलं पकडलं आहे. प्रेमाचा त्रिकोण तिला कधी जमला नाही, ते सोडा. पण तिच्या पॅनेमचे जिल्हे तुम्हाला तोंडपाठ आणि म्हैसाळ कुठल्या रस्त्याला, ते ठाऊक नाही. दुसऱ्याचं भय आरामखुर्चीत बसून चाखायला बरं वाटतं. बीडहून आपल्या कारखान्यांवर ऊस तोडायला येणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्या, २०१९ मध्ये त्याची चौकशी समिती बसली. त्या बायका तुमच्या वर्गाच्या खिडकीतून दिसतात.

आपल्याकडे असं लिहिलं गेलंच नाही, हेही खोटं. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ साली ‘बनगरवाडी’ दिली. त्यात कुणी हुकूमशहा नाही, भिंत नाही. पाऊस पडत नाही आणि गाव उठून जातं. मिलिंद बोकिलांच्या ‘शाळा’मध्ये नववीतलं पहिलं प्रेम आहे, आणि मागे आणीबाणी चालू आहे. पोरगा तिच्या घराखालून चकरा मारतो आणि देशाचं तोंड बंद आहे. प्रेम आणि भय एकाच पुस्तकात मावतात, त्याला सातासमुद्रापलीकडे जावं लागत नाही.

आणि आपण कुठे बसलो आहोत, ते तरी ध्यानात घ्या. याच कऱ्हाडात १९७५ साली, आणीबाणीत, साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गा भागवत बोलल्या. समोर यशवंतराव चव्हाण, केंद्रात मंत्री. बाईंनी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी सभेला उभं केलं आणि लेखकाच्या स्वातंत्र्यावर बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. ते भाषण कुणाला परदेशी चैन वाटलं नव्हतं.

अध्यक्षाने ठराव मांडायचा नसतो, असं संयोजकांनी मघाशी कानात सांगितलं. मी मांडते. दोन्ही जिल्ह्यांतल्या अनुदान घेणाऱ्या ग्रंथालयांनी यंदाच्या पुस्तकखरेदीत घोडे-तलवारींच्या जाडजूड कादंबऱ्या एक वर्ष थांबवाव्यात. ‘आवडी’, ‘हिंदोळ्यावर’, ‘बनगरवाडी’ आणि ‘लैला’ घ्याव्यात, आणि त्या काउंटरमागच्या कपाटात न ठेवता उघड्या मांडणीवर ठेवाव्यात. आणि इथे लिहिणारी जी पोरं-पोरी आहेत, त्यांनी पुढच्या मेळाव्याला अशी एक प्रेमकथा आणावी, जिच्यात दोघांची आडनावं पूर्ण लिहिलेली असतील, तालुक्यासकट. ती मी इथे उभी राहून वाचीन. अनुमोदन हात वर करून द्या, आणि पहिल्या रांगेकडे बघत बसू नका, ती रांग हात वर करणार नाही.