युद्धापुरते घडविलेले इंजिन



डौलदार प्रवासी इंजिनांची वर्णने पुष्कळ झाली. मालगाडी ओढणाऱ्यांच्या वाट्याला ते भाग्य क्वचितच आले. ब्रिटनचे ‘ऑस्टेरिटी’ इंजिन तर कौतुकासाठी घडविलेलेच नव्हते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला मालवाहू इंजिने हवी होती आणि तीही त्वरेने. प्रारंभी विल्यम स्टॅनियर यांच्या ‘8एफ’ या उत्तम इंजिनाची निवड झाली; परंतु ते घडविण्यास वेळ आणि कुशल हात फार लागत. पुरवठा मंत्रालयातील आर. ए. रिडल्स यांनी पूर्वी स्टॅनियर यांच्या हाताखाली काम केले होते. त्यांनी त्याच इंजिनाला पायाभूत मानून जे जे टाळता येईल ते ते टाळले. निमुळत्या बॉयलरच्या जागी सरळ नळकांडे आले, बहुतेक चाके पोलादाऐवजी ओतीव लोखंडाची झाली, घडीव भागांऐवजी जोडकाम आले. पुढे दोन लहान चाके, मागे जोडलेली आठ, वजन सुमारे 70 टन. दिसायला ओबडधोबड, चालताना खडखडाट करणारे.

1943 ते 1945 या काळात अशी 935 इंजिने तयार झाली. त्यांपैकी 545 ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीने आणि 390 लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीने घडविली. (बोरीबंदर-ठाणे मार्गाची पहिली इंजिने याच व्हल्कनमधून मुंबईस आली होती.) नॉर्मंडीच्या स्वारीनंतर त्यांतील बहुतेक समुद्रापार गेली आणि युरोपातील मोडक्या रुळांवर रसद ओढू लागली.

युद्ध संपले, इंजिने मात्र संपली नाहीत. काही नेदरलँड्सने ठेवून घेतली, 12 हाँगकाँगला गेली आणि 733 ब्रिटिश रेल्वेच्या ताफ्यात आली. तात्पुरती म्हणून घडविलेली ही इंजिने 1967 पर्यंत, म्हणजे युद्धानंतर तब्बल बावीस वर्षे, कोळसा आणि लोखंड वाहत राहिली. मग एकामागून एक सारी भंगारात निघाली. या 733 पैकी एकही जतन झाले नाही. नामवंत प्रवासी इंजिनांसाठी वर्गण्या जमल्या. या काळ्या, धुरकट राबणाऱ्यांसाठी कोण धावणार?

एक मात्र दूरदेशी उरले होते. व्हल्कनमध्ये 1945 साली घडलेले हे इंजिन नेदरलँड्समार्गे स्वीडनला विकले गेले होते. तेथील थंडीसाठी त्याची चालक-खोली बंदिस्त करण्यात आली, टेंडर आखूड करण्यात आले आणि पुढे ते युद्धजन्य आणीबाणीसाठी राखीव म्हणून ठेवण्यात आले. 1973 साली यॉर्कशायरमधील कीली अँड वर्थ व्हॅली या स्वयंसेवकांच्या रेल्वेने त्याला मायदेशी आणले. स्वीडिश साज उतरवून मूळ रूप परत देण्याचे काम 2007 साली पूर्ण झाले. ब्रिटिश रेल्वेतील या वर्गाचे क्रमांक 90000 ते 90732 असे होते. परतलेल्या इंजिनाला त्यापुढचा, कधीच अस्तित्वात नसलेला क्रमांक देण्यात आला : 90733.