डोळे आले तर



आम्ही शाळेत हेडमास्तर होतो तेव्हाची एक रीत सांगतो. पोराचे डोळे आले की त्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचे. नजरेला नजर भिडली की डोळे येतात, असे आम्हीही मानत होतो. एकदा एका पोराला असे बसवले आणि आठवड्यात निम्म्या वर्गाचे डोळे आले. पुढे ध्यानात आले की वर्गाच्या पाट्या-वह्या गोळा करण्याचे काम त्याच पोराकडे होते. डोळे चोळायचा आणि वह्या आणायचा. दोष आमचा, शिक्षा पोराला.

डोळे नजरेने येत नाहीत, हाताने येतात. आजारी डोळ्याचे पाणी, चिपडे हाताला लागतात. तो हात दुसऱ्याच्या हाताला, पंचाला, उशीला लागतो. आई एका लेकराचे डोळे पदराने पुसते, आणि त्याच पदराने दुसऱ्याचे. बिचारीची माया, पण रोग पसरतो.

डोळे बहुधा विषाणूंमुळे येतात. 2023 च्या पावसाळ्यात आळंदीला आणि राज्यात अन्यत्र मोठी साथ आली, ती दुसऱ्या विषाणूंची होती. पण कोरोनानेही डोळे येतात. 2020 साली डॉक्टरांना तसे रोगी आढळले. सगळ्यांना नाही, थोड्यांनाच. काहींना ताप-खोकल्याच्या आधीच डोळे लाल झाले. काहींच्या आसवांतही त्या विषाणूचा अंश सापडला.

डोळ्यांत औषधाचा थेंब घातला की थोड्या वेळाने घशात कडू लागते. का बरे? डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात एक बारीक नळी उतरते. तोंडाला फडके बांधले आणि मळक्या हाताने डोळा चोळला, तर राखण अर्धीच झाली.

डोळे आले तर साबणाने वरचेवर हात धुवा. पंचा, उशी, काजळाची डबी वेगळी ठेवा. उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून डोळे पुसा. एका डोळ्याचा कापूस दुसऱ्याला नको. सोबत ताप, खोकला असेल तर कोरोनाची तपासणी करून घ्या.

डोळ्यांत मध, अंगावरचे दूध घालू नका. दुकानातून मनाने थेंबही आणू नका. काही थेंबांत स्टिरॉइड असते. लाली झटकन उतरते, माणूस खूश होतो. पण डॉक्टरांना न विचारता ते बरेच दिवस घातले, तर डोळ्यातला दाब वाढून नजर जाऊ शकते.

नुसती लाली, चुरचूर, पाणी असेल तर एक-दोन आठवड्यांत बहुधा बरे वाटते. पण डोळा ठणकला, उजेड सोसेना, कमी दिसू लागले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. 2021 साली कोरोनातून उठलेल्या कित्येकांना काळी बुरशी झाली, मधुमेह असलेल्यांना विशेष. डोळ्याभोवती सूज, गालात दुखणे, नाकातून काळसर घाण, ही तिची खूण. कित्येकांचा डोळा काढावा लागला, कित्येक दगावले. ज्यांना उशिरा नेले त्यांचे हाल जास्त झाले.

बाकी, डोळे आलेल्या माणसाकडे खुशाल पाहा, त्याच्याशी बोला. ताप-खोकला असेल तर मात्र दोन हात लांबून, तोंडाला फडके बांधून.