अर्ध्या तासाचा सिनेमा



मला पाच मिनिटं दिली आहेत. विषयही छोटाच आहे, सैनिकांवरचे लघुपट.

1988 साली दूरदर्शनवर चेतन आनंद यांची 'परमवीर चक्र' मालिका लागायची. मेजर सोमनाथ शर्मा झालेले फारूख शेख माझ्या अजून डोळ्यांसमोर आहेत. भाग संपला की आमच्या घरात लगेच कुणी बोलायचं नाही.

गेल्या 26 जानेवारीला शाळेनं बोलावलं, म्हणून मी मुलांना असाच एक लघुपट दाखवला. शत्रूचा रणगाडा पेटला तशा टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू? शेवटी सातवीतल्या एका मुलानं विचारलं, "सर, रणगाड्यात किती माणसं असतात?" त्याचे वडील फौजेत आहेत. मी म्हटलं, "चार." तो "बरं" म्हणाला आणि खाली बसला. ती टाळी मला अजून टोचते.

नगरच्या पोरांना रणगाडा नवा नाही. चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र इथं, रणगाडा संग्रहालय इथं. 1971 चं युद्ध पेटलं तेव्हा सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल इथंच शिकत होते. इथून ते 'पूना हॉर्स'बरोबर आघाडीवर गेले आणि 16 डिसेंबरला बसंतरच्या लढाईत, वयाच्या 21 व्या वर्षी, शहीद झाले. पेटलेला रणगाडा सोडून यायला त्यांनी नकार दिला होता. तो 'फामागुस्ता' रणगाडा आज नगरलाच जपून ठेवला आहे.

इथवर आपण मुलांना सांगतो, पुढचं सांगत नाही. 2001 साली त्यांचे 81 वर्षांचे वडील, ब्रिगेडियर एम. एल. खेत्रपाल, पाकिस्तानात गेले. लाहोरला ज्यांच्या घरी उतरले, त्या ब्रिगेडियर नासर यांनी निघायच्या आदल्या रात्री सांगितलं की तुमचा मुलगा माझ्या हातून गेला. समोरासमोर दोन म्हातारे फौजी, एक यजमान, एक पाहुणा. माझ्या मते खरा लघुपट हा. यात एक गोळी सुटत नाही. मोबाईलवर ढोल लावून फिरणाऱ्या तीस सेकंदांच्या देशभक्तीत तो मावायचा नाही. आणि यानं अरुणचं शौर्य कमी होतं म्हणाल, तर मला ते वाढलेलंच दिसतं.

आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला प्रोजेक्टर द्यायचं ठरतंय. जरूर द्या. फक्त मुख्याध्यापकांना एक विनंती आहे. महिन्याला एकच लघुपट दाखवा, आणि तो संपल्यावर सुटीची घंटा दहा मिनिटं उशिरा द्या. मुलांना विचारायचं असतं. पहिल्या महिन्याला मी येतो.