कमान नको, नळ द्या!
(नवापूर येथील यंत्रमाग कामगारांच्या सभेतले भाषण)



रात्रपाळी करून आलात, डोळ्यांवर झोप आहे, तरी बसलात. म्हणून पाल्हाळ लावत नाही.

आपलं नवापूरचं स्टेशन तुम्ही रोज बघता. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात, स्टेशनमास्तरचं ऑफिस गुजरातेत. फलाट एक, राज्यं दोन. मधल्या बाकावर बसून लोक हसत फोटो काढतात. काढू द्या बापडे. पण ही रेघ हसण्यावारी पडलेली नाही. १ मे १९६० ला मुंबई राज्याची दोन राज्यं झाली, तेव्हा आपल्या नवापूर आणि नंदुरबार तालुक्यांतली काही गावं पलीकडे गेली. अख्खा डांग गेला. आणि जे मराठी राज्य पदरात पडलं त्यासाठी १०६ हुतात्म्यांनी प्राण दिले. त्यांत गिरणी कामगार होते, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो आणि सांगत राहणार.

पण राज्य मागितलं कशाला? नुसता नकाशा भिंतीवर टांगायला? गोरगरिबाच्या भाषेत, गोरगरिबाच्या हातानं कारभार चालावा म्हणून मागितलं. गिरणगावातले आपले वडीलधारे मोर्चे काढून गप्प नाही बसले. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्र समितीनं मुंबई महापालिका जिंकली आणि १९५८ ला कॉम्रेड मिरजकर महापौर झाले. मजुरांचा पुढारी मुंबईचा महापौर! त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं, की कामगाराचा पगार मालकाकडं अडतो, पण त्याचं पाणी, त्याचं गटार, त्याच्या गल्लीतला दिवा हे नगरपालिकेत अडतं.

आता आपल्या दारात या.

विजेच्या सवलतीमुळं सुरतेकडचे मागवाले सीमा ओलांडून नवापूरच्या एमआयडीसीत आले. माग आले, त्यामागं माणसं आली. पाड्यापाड्यावरची आदिवासी पोरं-पोरी आली, खानदेशातली आली, परप्रांतातले भाऊ आले. साच्याला शेड मिळाली. साचा चालवणाऱ्याला काय मिळालं? शेतात पत्र्याची खोली. एका खोलीत दिवसपाळीवाले उठले की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाले आडवे होतात. भिवंडीत हेच बघितलं होतं, इथं नवं गाव वसतंय तर तेच पुन्हा वसवायचं काय?

पाण्याचं विचारायला जा. एमआयडीसीत म्हणतात, आमचं पाणी कारखान्याला, खोल्या आमच्या हद्दीत नाहीत. नगरपरिषदेत म्हणतात, ती वस्ती ग्रामपंचायतीची. ग्रामपंचायत म्हणते, एवढ्या माणसांचं पाणी आमच्या टाकीत कुठून आणू? ग्रामपंचायतीचं आम्हाला पटतं, तिची खरीच ऐपत नाही. बाकीच्या दोघांचं पटत नाही. ज्या बाजारपेठेवर शहर चालतं तिथं आमचाच पगार खर्च होतो ना? दुकानदार आमच्याकडून पैसे घेताना हद्द विचारत नाही.

म्हणून निवडणूक आली की उमेदवारसाहेबांना आमचा पहिला सवाल हा. भाऊ, तुमच्या पत्रकात स्वागत कमान आहे, चौकाचं सुशोभीकरण आहे, बागेत कारंजं आहे. वस्तीचं पाणी कितव्या नंबरावर आहे? पाणी, दिवाबत्ती, साफसफाई, गटारं ही १९६५ च्या नगरपरिषद कायद्यानं नगरपरिषदेची बंधनकारक कामं आहेत. कारंजं आधी आणि नळ मागाहून, हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात? आम्ही चार यत्ता शिकलेले, आमच्या शाळेत तरी नव्हता.

कोणी म्हणेल, सोपं आहे, हद्द वाढवा, सगळी वस्ती शहरात घ्या. थांबा. इथं घाई नको. आपला सगळा नवापूर तालुका अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला जमिनीवर, पाण्यावर, जंगलावर जो अधिकार मिळाला तो ग्रामपंचायतीच्या गावाला आहे, शहराला नाही. गाव शहरात गेलं की ग्रामसभा संपली. मग ज्या आदिवासी भावाच्या शेताशेजारी आम्ही राहतो त्याचा हक्क घालवून आम्ही नळ घ्यायचा? ते होणे नाही. आणि हद्द वाढली म्हणजे पाणी आलंच, असंही नाही. कल्याण-डोंबिवलीकडची २७ गावं बघा. १९८३ ला महापालिकेत घातली, २००२ ला बाहेर काढली, २०१५ ला परत आत घेतली. बायकांचे हंडामोर्चे आत असतानाही निघाले, बाहेर असतानाही निघाले. तेव्हा नगरपरिषद, ग्रामपंचायत आणि एमआयडीसी तिघांनी एका टेबलाशी बसून ठराव करावा, पाणी मोजून द्यावं, पैसे आम्ही भरू. उमेदवारानं त्या टेबलाची पहिली खुर्ची ओढावी. एवढंच मागतो.

दिव्याचं जास्त बोलायला नको. रात्री पाळी बदलते तेव्हा आमच्या बहिणी शेडपासून खोलीपर्यंत अंधारातून जातात. कमानीवर जितके दिवे लागणार तितके त्या रस्त्यावर लावा.

आता जमिनीचं, हे नीट ऐका. आपल्यातले काहीजण घाम गाळून साठवलेल्या पैशानं स्टॅम्पपेपरवर प्लॉट घेतायत. दलाल म्हणतो, पुढं सगळं नियमित होतं. बंधूंनो, १९६६ च्या जमीन महसूल कायद्यात कलम ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला जिल्हाधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून जात नाही, आणि विक्री असेल तर जिल्हाधिकाऱ्यालाही आधी सरकारची मान्यता घ्यावी लागते. तुमच्या स्टॅम्पपेपरला काडीची किंमत नाही. उद्या पत्रा उचलला तर पैसे तुमचे बुडाले, आणि जमीनवाल्या भावाच्या हाती तर आधीच कवड्या पडलेल्या. मधला दलाल तेवढा गब्बर. असे दलाल निवडणुकीत कोणाच्या जीपमध्ये बसतात तेही डोळे उघडे ठेवून बघा. जो उमेदवार सरकारी जागेवर कामगारांच्या भाड्याच्या चाळी मागेल तो आमचा. जो प्लॉटची स्वप्नं विकेल त्याच्या हातचा चहासुद्धा नको.

रेशनचं सांगून टाकतो. पलीकडच्या सोनगड, उच्छलकडच्या भावांना वाटतं, गुजरातचं कार्ड इथं चालत नाही. चालतं. ऑगस्ट २०१९ मध्ये देशात पहिल्यांदा ज्या राज्यांच्या जोड्यांत ही सोय सुरू झाली त्यांत महाराष्ट्र-गुजरात होते. दुकानदार परत पाठवत असेल तर एकट्यानं भांडू नका, युनियनमध्ये या.

आणि शेवटचं. उमेदवार आमच्या गल्लीत का येत नाहीत? आमची नावं यादीत नाहीत म्हणून. नाव गावाकडं, माणूस इथं. ज्याला होळीला गावी जाऊन तिथंच मत द्यायचंय त्याच्यावर जबरदस्ती नाही. पण जो बारा महिने इथं राबतो, इथंच बिऱ्हाड थाटलंय, त्यानं नाव इथं आणावं. नवं नाव असेल तर फॉर्म ६, जुनं नाव हलवायचं तर फॉर्म ८. शहराच्या हद्दीत खोली असेल तर नगरपरिषदेला मत, बाहेर असेल तर ग्रामपंचायतीला. दोन्हीकडं आपली माणसं लागणार आहेत, त्या टेबलाच्या दोन्ही बाजूंना.

आजपासून पाळी सुटल्यावर आमचे दोघेजण फॉर्म घेऊन चहाच्या टपरीपाशी बसतील. फोटो आणि राहत्या जागेचा पुरावा आणा. खोलीमालक कागद देत नसेल तर त्याचं नाव-गाव सांगा, त्याच्याशी आम्ही बोलतो.