सायकलच्या मुक्कामाचे हलके अंथरूण
(वर्धापनदिनाच्या सभेतील भाषण)



नांदेडहून लातूरला सायकलने जावे, वाटेत अहमदपुरास एक मुक्काम करावा, असे आपल्याकडील काही मुलींच्या मनात आहे. घरोघरी पहिला प्रश्न निघाला तो सोबतीचा. त्याची व्यवस्था झाली. दुसरा अंथरुणाचा. तो किरकोळ वाटतो खरा, परंतु मुलगी लातूर गाठील की लोह्यावरूनच परत फिरेल, हे पुष्कळदा त्यावर ठरते.

नांदेड गोदाकाठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटरवर. लातूर बालाघाटाच्या पठारावर, ६३० मीटरच्या आसपास. तेव्हा एकंदरीत वाट चढाची. अशा वाटेला आई मायेने वाकळ बांधून देते. वाकळीची ऊब कोण नाकारील? पण ती दोन-अडीच किलो सहज भरते, कॅरिअरवर नीट बसत नाही आणि भिजली की लवकर वाळत नाही. घोंगडीचेही तेच. माया आईची, पण चढावर ओझे ओढायचे लेकीच्या पायांनी!

मग थंडीचे काय? डिसेंबरात आपल्याकडे पारा दहा अंशांखाली जातो. परभणीकडे तर काही वर्षी पाचाच्या आसपास उतरला आहे. परंतु निजणाऱ्याला थंडी खालूनही लागते, हे आपण विसरतो. देवळाच्या सभामंडपातील शहाबादी फरशी अंगातली ऊब रात्रभर ओढून घेते. अंगाखाली घातलेली वाकळ आपल्याच भाराने दबते आणि तिच्यातली हवा निघून जाते. ऊब धरून ठेवते ती मुख्यतः हीच हवा. म्हणून पैसे थोडेच असतील, तर ते आधी खालच्या फोमच्या चटईवर खर्चावेत. ती अर्ध्या किलोच्या आतबाहेर असते, दबत नाही, पाणी पीत नाही. फुगवायची गादी तिच्याहून मऊ असते, पण बाभळीच्या काट्यांच्या आपल्या मुलखात मला तिचा भरवसा वाटत नाही.

वर पांघरायला निजायची पिशवी, म्हणजे स्लीपिंग बॅग. तिच्या चिठ्ठीवर तापमानाचे दोन आकडे असतात. त्यांतला ‘कम्फर्ट’ हा स्त्रीच्या शरीरमानावरून काढतात आणि त्याखालचा ‘लिमिट’ पुरुषाच्या. युरोपातल्या मापनपद्धतीचा नियमच तसा आहे. दुकानदार बहुधा खालचा आकडा मोठ्याने वाचून दाखवितो. आपण वरचाच पाहावा. पिसांची पिशवी सर्वांत हलकी, पण भिजली की निरुपयोगी. कृत्रिम धाग्याची थोडी जड, तरी ओलीतही काही ऊब राखते. आपल्याला दुसरी बरी.

ऑक्टोबरात तर पिशवीही नको. जुन्या सुती साडीचा साडेचार मीटरचा तुकडा घ्या, लांबीत दुमडा, दोन्ही कडा शिवा, की सव्वादोन मीटर लांबीची खोळ झाली. वर एक सोलापुरी चादर पुरते. हीच खोळ हिवाळ्यात पिशवीच्या आत घातली म्हणजे पिशवी मळत नाही आणि ऊबही किंचित वाढते.

शिवणयंत्रावर बसणाऱ्या भगिनींना सांगण्याजोगी एक गोष्ट आहे. सायकलवरून मुक्कामाला जाण्याची ही कला इंग्लंडात रूढ केली ती टॉमस हायरम होल्डिंग नावाच्या लंडनच्या एका शिंप्याने. १८९७ साली तो मित्रांसह आयर्लंडात हिंडला, त्यावर १८९८ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९०१ साली अशा सायकलस्वारांचा संघ काढला. शिंपी असल्यामुळे कापड किती कमी करता येईल याची त्याला जाण होती. ती आपल्यापैकी कित्येकींना आहेच.

बांधणीविषयी थोडेसे. अंथरूण पाठीवर घेऊ नये. घामाने कपडे भिजतात आणि रात्री तीच ओल बाधते. सगळे प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॅरिअरवर जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळावे. पट्टीचे टोक किंवा ओढणी आऱ्यांत जाणार नाही, एवढे पाहावे. निजताना घालायचा कोरडा जोड आणि पायमोजे त्याच पिशवीत, सर्वांत आत. मच्छरदाणी मात्र वजनाकडे पाहून कोणी वगळू नये.

आणि निघण्याच्या आठ दिवस आधी मुलींनी याच अंथरुणावर घरच्या गच्चीवर एक रात्र काढावी. थंडी वाजलीच, तर वाकळ तेव्हा हाताशी असेल.