फौजीच्या घरी विम्याचा हप्ता कशाला?

कन्नड तालुक्यातल्या आमच्या बचत गटांत माजी सैनिकांच्या घरच्या बायकाही आहेत. त्या विचारतात, "ताई, फौजीचं कार्ड आहे, मग विमा घ्यावा का?"

आम्ही दोन्हींचा हिशोब मांडला. माजी सैनिकांसाठी १ एप्रिल २००३ पासून ईसीएचएस योजना आहे. पेन्शनवाल्या फौजीने वर्गणी एकदाच भरायची, मग नवरा-बायकोला जन्मभर उपचार. वय, जुना आजार याची आडकाठी नाही. फौजी गेला तरी कुटुंब पेन्शन घेणाऱ्या पत्नीचा हक्क राहतो. खासगी विम्याचा हप्ता मात्र दरवर्षी. वय वाढलं की तोही वाढतो, आणि जुन्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागतं.

पण कार्डाचीही अडचण आहे. पॉलिक्लिनिक संभाजीनगरला, इथून साठेक किलोमीटर. तिथली चिठ्ठी घेऊन योजनेतल्या दवाखान्यात जायचं. जिवावर बेतलं तर जवळच्या दवाखान्यात न्या, पण ४८ तासांत पॉलिक्लिनिकला कळवा. तो दवाखाना योजनेत नसेल तर पैसे ठरलेल्या सरकारी दरानेच परत मिळतात.

लग्न झालेला मुलगा, सून, नातवंडं या कार्डात बसत नाहीत. त्यांच्यासाठी आधी रेशनकार्डावरची महात्मा फुले जनआरोग्य योजना बघा, मग विमा.

म्हाताऱ्या जोडप्याने दुसरा हप्ता भरू नये, असं आम्हाला वाटतं. फक्त बायकोच्या नावाचं वेगळं कार्ड आहे ना, ते आजच पेटीतून काढून बघा. नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा. एकटीला जमत नसेल तर गटातली एक जण सोबत येईल.